प्रस्तावनेसाठी थांबलेली वही

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या दुकानातून आणलेली. कोरी होते तेव्हा वाटायचं, आपल्या नशिबी बहुतेक किराण्याच्या याद्याच असणार. पण दानेश्वरीबाईंनी मला निवडलं आणि माझ्यात कविता उतरल्या.

दानेश्वरीबाई शाळेत शिकवतात. त्यांची थोरली बहीण गंगव्वा, म्हणजे आक्का. आईवडील लवकर गेले तेव्हा आक्कानं राजारामपुरीत खानावळ चालवली, रोज दीडदोनशे भाकऱ्या थापल्या आणि धाकटीला शिकवलं. स्वतः मात्र अक्षर शिकली नाही. माझ्यातल्या अठ्ठेचाळीस कविता आक्कावरच आहेत. तिच्या भाजलेल्या बोटांवर, तिच्या रागावर, तिच्या न झालेल्या लग्नावर.

जेवणाच्या टेबलावर लिहिणं चाले. आक्का समोर बसून विचारायची, "काय लिव्हतीस गं एवढं? मला बी सांग की." बाई हसून मला मिटायच्या. पुस्तक छापून आलं की पहिली प्रत तुझ्याच हातात, असं सांगायच्या. मलाही तेव्हा ते फार गोड वाटायचं. किती मूर्ख होते मी!

प्रकाशक म्हणाले, नव्या कवीला मोठ्या माणसाची प्रस्तावना हवीच. म्हणून बाई मला घेऊन जोतीराम सरांकडे गेल्या. सर नावाजलेले समीक्षक. माणूस वाईट नव्हता, पण नाही म्हणणं त्यांना जमत नसे. त्यांच्या टेबलावर माझ्यासारख्या तेरा जणी आधीच पडून होत्या. मी चौदावी. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं, दुसऱ्या दिवशी माझ्यावर चहाचा कप ठेवला.

बाई दर महिन्याला फोन करायच्या. सर म्हणायचे, पावसाळा सरू दे. मग दिवाळी होऊ दे. असे दोन पावसाळे सरले. माझे कोपरे मुडपले, धुळीनं पुठ्ठा काळवंडला. उघडून कोणी पाहीना.

एका सोमवारी बाई स्वतः आल्या. आक्का दवाखान्यात होती, डॉक्टरांनी आशा सोडली होती. सर ओशाळले. त्याच रात्री त्यांनी मला पहिल्यांदा वाचलं, वाचताना डोळे पुसले आणि आठवडाभरात चार पानं लिहिली. चांगली लिहिली, खोटं कशाला बोलू?

पुढच्या मंगळवारी बाई आल्या. सरांनी पानं पुढं केली. बाईंनी ती घेतली नाहीत, मला उचलून उराशी धरलं. आक्का रविवारी गेली होती.

सर म्हणाले, चूक माझी. बाईंनी मान हलवली.

"न्हाय सर, माझी. ती शेवटपर्यंत विचारत हुती, काय लिव्हलंयस सांग की. मला सगळ्या कविता पाठ हुत्या. तिच्या उशाशी बसून म्हणलं, पुस्तक येऊ दे."

मग त्या रडल्या. मला रडता येत नाही, पण त्या दिवशी माझी पानं ओली झाली.

मित्रांनो, आता सरांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं आहे. लोक वाचतात, पत्रं येतात. तरी तुम्हाला हात जोडून एक सांगते. कोणावर दोन ओळी लिहिल्यात तर त्या त्याला आजच वाचून दाखवा, चुका असल्या तरी. माझ्या कविता साऱ्या कोल्हापुरानं वाचल्या. आक्कानं एकही ऐकली नाही.