तांब्याला टेकवलेला मोबाईल

यंदा दिवाळीनंतर आमच्या चकलांबा गावची टोळी ऊसतोडीला माझ्याशिवाय गेली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. माझी बायको सुरेखा उन्हाळ्यात वारली. मी एकटा म्हणजे अर्धाच कोयता, म्हणून टोळी जमवणाऱ्या मुकादमाने विचारलंही नाही. त्यामुळे कित्येक वर्षांनी हिवाळ्यात मी घरी जेवायला बसलो.

पहिल्याच आठवड्यात मला एक गोष्ट खटकली. माझी मुलगी आरोही दहावीला आहे. ताट घेतलं की ती पाण्याचा तांब्या पुढे ओढायची, त्याला मोबाईल टेकवायची आणि कसले तरी व्हिडिओ बघत जेवायची.

"जेवताना तरी ठिव गं ते," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली. नजर तिथंच.

पुन्हा सांगितलं, पुन्हा "हं." मग मी मोबाईल उचलला, ज्वारीच्या कोठीत टाकला आणि कुलूप लावलं. आरोही ताट सरकवून उठली.

दुसऱ्या दिवशी माझी आई, बायनाबाई, म्हणाली, "पोरगी रातच्याला उपाशी झोपली. सकाळी बी नुसता चहा पिली."

"मोबाईलचा नाद लई वाईट, आई. सवय मोडाया पाहिजे."

"लावली कुणी?"

"कुणी म्हंजे?"

"तुमीच की. सुरेखा फडावरून फोन करायची न् म्हणायची, मोबाईल तांब्याला टेकवा, पोरगी जेवताना दिसली पाहिजे. मीच टेकवायची रोज. आईबिगर घास जात नव्हता हिच्या घशाखाली."

उसाच्या फडावरच्या आमच्या पाचटाच्या कोपीत आम्हीही मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवायचो. सुरेखा आधी म्हणायची, "ताट दाव." मग दोघी जेवता जेवता बोलत राहायच्या. मी खाली मान घालून जेवायचो आणि शेवटी "अभ्यास कर" एवढं म्हणायचो. अर्धं वर्ष त्या पोरीची आई मोबाईलमध्येच असायची. ती जागा तिला रिकामी ठेवता आली नसेल. आणि मी तिला काही न विचारता कुलूप लावलं होतं.

संध्याकाळी कोठी उघडली. मोबाईल सदऱ्याला पुसून तिच्या हातात दिला.

"घे. पण त्यात काय बघती, ते सांगशील का?"

"कावून? परत घ्यायचाय?"

"न्हाई. असंच."

"तुमाला न्हाई समजायचं, पप्पा."

"त्याला समजत न्हाई हे खरंय," आई चुलीजवळून म्हणाली. "पण दाव तरी. तो बी दिसभर टोळीच्या ग्रुपात डोकं घालून बसतो."

आरोहीच्या ओठाचा कोपरा जरा हलला. तिने व्हिडिओ लावला. कुठल्या तरी गावची एक बाई समोर ताट घेऊन बसली होती. जेवत होती आणि बोलत होती. भाजी कशी झाली, पोरं कुठं गेली, असंच काहीबाही.

"ही जेवता जेवता बोलती," आरोही म्हणाली. "म्हणून लावते."

मी म्हणालो, "जेवताना मी बसू का समोर?"

"तुमी बोलत न्हाई."

"बोलीन."

तिने थोडा विचार केला. मोबाईल बंद केला नाही, पालथा करून मांडीजवळ ठेवला. मीही तेवढ्यावर भागवलं.

मी समोर बसलो. काय बोलावं सुचेना. आई आमच्याकडे न बघता भाकरी थापत होती. शेवटी मी म्हणालो, "ताट दाव."

आरोहीने ताट उचलून माझ्याकडे तिरपं केलं, मोबाईलला दाखवावं तसं. थोडं कालवण खाली सांडलं.

"एवढंच घेतलं?" मी म्हणालो.

"आई असं न्हाई म्हणायची."

"मग कसं म्हणायची?"

ती घास चावत राहिली. एकदा हात मोबाईलकडे गेला आणि परत ताटात आला.

"उद्या सांगते," ती म्हणाली.