चौघांत एक टॉवेल

मित्रांनो, मी एक जुना सोलापुरी टॉवेल आहे. खरं सांगायचं तर टॉवेलचा पाव हिस्सा आहे. बाकीचे हिस्से कुठे गेले, हे सांगायलाच आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म सोलापुरात, मागावर झाला. अंगाने दणकट, रंगाने पांढराशुभ्र. मंदाकिनीबाईंनी मला पुण्यात लक्ष्मी रोडवर विकत घेतलं. त्यांनी दुकानदाराला विचारलं, "रंग जातो का हो याचा?" तो म्हणाला, "रंग आहे कुठे जायला?" आणि तो पाठ फिरवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. बाईंना लगेच पटलं, की दुकान चांगलं आहे.

सहकारनगरातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये बेसिनशेजारच्या खुंटीवर माझी नेमणूक झाली. घरात माणसं चार. बाईंचे यजमान श्रीधरपंत शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. मुलगा आमोद हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत, मुलगी अवनी कॉलेजात. हात धुतले की माझ्याकडे, तोंड धुतलं की माझ्याकडे. पाहुणा ओले हात घेऊन उभा राहिला, की बाई म्हणत, "टॉवेल आहे तिथे." तिथे म्हणजे मी! काय सांगू, छाती फुगायची माझी.

एक श्रीधरपंत तेवढे माझ्या वाट्याला जात नसत. शाळेच्या दिवसांपासून खिशात स्वतःचा रुमाल, तोंड पुसायचं ते त्यालाच. मला फार लागायचं ते. एवढा घरचा मी, आणि घरच्या कर्त्या माणसाने ओळख दाखवू नये?

श्रीधरपंतांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. रोजचा पेपर बाई वाचून दाखवत, पण त्यांना वाचावंसं वाटेल तेवढाच. अग्रलेख सोडून थेट साड्यांच्या सेलवर जात. तरी त्याचं त्यांना एवढं दुःख नव्हतं. गणपतीनंतर आमोद कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं अमेरिकेला निघाला होता. "पोरगं जाण्याआधी त्याचा चेहरा एकदा नीट बघू दे मला," असं ते म्हणत. शनिवारी एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "डोळा जरासा जरी लाल दिसला तर मी हात लावणार नाही. मग दिवाळीनंतर या, तोवर मी मुलीकडे जातोय."

आणि नेमके त्याच आठवड्यात आमोदचे डोळे आले.

घरात हलकल्लोळ. "दादा, माझ्याकडे बघायचं नाही हं!" अवनी किंचाळली. डोळ्यांत बघितलं की डोळे येतात, हे तिथे शिकल्यासवरल्या सगळ्यांना पाठ होतं. कोणी सांगितलं, हे कोणी विचारलं नव्हतं. आमोदने त्याच दिवशी फुटपाथवरून सगळ्यांसाठी काळे गॉगल आणले आणि मॅनेजरच्या थाटात नियम सांगितला, "नो आय कॉन्टॅक्ट. घरात कोणीही कोणाच्या डोळ्यांत बघायचं नाही."

झालं! चौघं काळे गॉगल लावून जेवायला बसू लागले. श्रीधरपंतांना आधीच धूसर, त्यावर गॉगल. त्यांनी वरण समजून भातावर ताक ओतलं आणि वर "आज वरण आंबट झालंय" म्हणून सुनावलं. दूधवाला सर्जेराव दारातच थबकला. "शूटिंग हाय का काय घरात?" म्हणाला. बाईंनी दार लावून घेतलं.

आणि एवढा कडक बंदोबस्त करून ही मंडळी काय करत होती? बेसिनपाशी येऊन गॉगल काढायचे, डोळ्यांवर पाणी मारायचे, माझ्यात डोळे खसाखसा पुसायचे आणि पुन्हा गॉगल चढवून ऐटीत निघून जायचे! आमोदनंतर अवनी, अवनीनंतर बाई. मी पार चिकट आणि ओलाचिंब. ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे बाबांनो, गॉगल कसले लावता, मला धुवा! पण टॉवेलने ओरडायचं म्हणजे काय, तर खुंटीवरून खाली पडायचं. पडलोसुद्धा. बाईंनी उचललं, झटकलं आणि परत टांगलं.

अवनीचे डोळे आले. बाई तिच्यावरच उखडल्या.

"बघितलंस ना दादाच्या डोळ्यांत?"

"नाही गं आई, शप्पथ! मी त्याचं थोबाडसुद्धा बघत नाही."

"मला काही होत नाही," श्रीधरपंत आरामखुर्चीतून म्हणाले. "मला कोणाचे डोळे दिसतच नाहीत."

ते वाचले होते ते त्यांच्या रुमालामुळे. हे फक्त मला माहीत होतं. ज्या रुमालाचा मी इतकी वर्षं राग राग केला, त्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

शुक्रवार उजाडला. श्रावणातला शुक्रवार, शेजारच्या चंद्रभागाबाईंकडे हळदीकुंकू. बाई गॉगल लावूनच गेल्या आणि कपाळभर कुंकू लेवून आल्या. आल्या आल्या त्यांनी तोंड धुतलं आणि माझ्यात पुसलं. माझ्या पांढऱ्या अंगावर हा भला मोठा लाल डाग! मग आमोद आला, त्याने डोळे धुतले, पुसले. पाठोपाठ अवनी. आणि मग, मित्रांनो, व्हायला नको तेच झालं. दाढी करून, डोळे मिटून, ओल्या तोंडाने श्रीधरपंत चाचपडत माझ्याच दिशेने आले.

"अगं, माझा रुमाल कुठंय?"

"उद्या दवाखान्यात न्यायला धुऊन टाकलाय," बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "टॉवेल आहे तिथे!"

जन्मभर मी ज्या हाताची वाट पाहिली, तो हात माझ्यापर्यंत आला आणि मला मात्र तो नको होता. त्यांची बोटं मला लागली न लागली तोच मी अंग सोडून दिलं. धाडकन खाली! कधी नव्हे एवढ्या जोरात पडलो.

"काय वैताग आहे या टॉवेलचा," म्हणत बाई मला उचलायला आल्या. मला उचलताना त्यांची नजर समोर बसलेल्या आमोदवर गेली. त्याच्या गॉगलच्या कडेखालून लाल काहीतरी डोकावत होतं.

"आमोद, डोळ्याला कुंकू कोणी लावलं रे तुझ्या?"

आमोदने गोंधळून गॉगल काढला. त्याच्या पापणीवर लाल, अवनीच्या दोन्ही डोळ्यांभोवती लाल, आणि बाईंच्या हातात मी, लालभडक. बाईंनी स्वतःचा गॉगल काढून नीट बघितलं.

"अहो! हात लावू नका!"

"कशाला?"

"टॉवेलला!"

"अगं, तोंड ओलं आहे माझं!"

"ओलंच राहू द्या!"

बिचारे श्रीधरपंत. पंख्याखाली तोंड वर करून, वाळेपर्यंत तसेच बसून राहिले.

बाईंनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "मग तुम्हाला काय वाटलं, बघून होतं? हाताने होतं, टॉवेलने होतं, उशीने होतं. हात साबणाने धुवा, ज्याचं त्याचं वेगळं ठेवा. यजमानांना सकाळी आणा. ठेवतो." आणि ठेवलाच.

सकाळी श्रीधरपंतांचा डोळा स्वच्छ निघाला. ऑपरेशन झालं. ते घरी आले ते काळा गॉगल लावून. त्या घरातल्या गॉगलला पहिल्यांदाच काहीतरी खरं काम मिळालं.

माझं मात्र पातेल्यात उकळून पिठलं व्हायचं बाकी राहिलं. "नवे टॉवेल आणू या," अवनी म्हणाली. "का? हा काय मेलाय?" असं म्हणून बाईंनी कात्री काढली. मित्रांनो, खूप दुखलं. सगळ्यांचा म्हणून मिरवणारा मी, माझे चार तुकडे झाले. आमोदच्या तुकड्याला निळा दोरा, अवनीच्याला गुलाबी, बाईंच्याला पिवळा. हिरव्या दोऱ्याचा मी. मी श्रीधरपंतांचा.

आमोद निघाला त्या दिवशी बॅगा दारात होत्या, खाली गाडी उभी होती. त्याने वडिलांना नमस्कार केला आणि जुन्या सवयीने नजर बाजूला वळवली.

"इकडे बघ," श्रीधरपंत म्हणाले. "माझ्या डोळ्यांत बघ. दोन वर्षांचं आत्ताच बघून घेतो."

खूप वेळ बघत राहिले ते. मग म्हणाले, "कानाशी केस पिकलेत रे तुझे. मला कळलंच नाही."

त्यांचे डोळे भरून आले. आमोदने झटकन बॅगेतून आपला तुकडा काढून पुढे केला. श्रीधरपंत मागे सरले. "तो तुझा, निळा. माझा आण."

आमोद धावत आत गेला आणि मला घेऊन आला. इतक्या वर्षांनी मी त्यांच्या डोळ्यांना लागलो. निळा तुकडा बॅगेतून अमेरिकेला गेला. तिकडच्या गुबगुबीत टॉवेलांपुढे तो मान खाली घालणार नाही, सोलापूरचा आहे.

तर मित्रांनो, घरात कोणाचे डोळे आले तर त्याच्याकडे खुशाल बघा, त्याची विचारपूस करा. हात तेवढे साबणाने धुवा आणि ज्याचा टॉवेल त्यालाच द्या. आणि तुमच्या घरचा टॉवेल सारखा खुंटीवरून पडायला लागला, तर त्याला झटकून परत टांगू नका. तो काहीतरी सांगत असेल.