कोळंबी कुणाला नको होती?

"अहो, जा की! निवतंय सगळं!" बायकोने स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिसरं ताट पुढे सरकवलं. माशांच्या या हॉटेलात रांधायची ती आणि वाढायचा तो. ऑर्डर कागदावर उतरवायची नाही, हात मागे बांधून नुसती ऐकायची, ही त्याची ऐट. गिऱ्हाइकं कौतुकाने त्याला 'मास्तर' म्हणत.

आज मात्र मास्तर ताटांसमोर खिळला होता. मघाशी कुणीतरी बजावलं होतं, "मुलीला कोळंबी अजिबात देऊ नका हं, तिचा श्वास अडकतो." कोण म्हणालं, ते काही केल्या आठवेना. लहान पोरी तर तीन टेबलांवर होत्या, आणि तिन्ही ताटांतल्या रश्शात कोळंबी वाटून घातलेली. वरून दिसायची सोय नाही.

"पुन्हा विसरलात?" बायकोचा आवाज खाली आला. मागच्या महिन्यात तो घराची गल्ली चुकला होता, ते दोघांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. "मी विचारून येते."

"नको गं! मालकाला कळलं तर घरी बसवेल."

बाहेर कुणीतरी ओरडलं, "अहो, आम्ही काय इथे मुक्कामाला आलोय?" मालक तणतणत आला, "सरक मास्तर, मीच नेतो," म्हणत दोन ताटं उचलून चालू लागला.

मास्तरला नोकरीची भीती होतीच, पण पोरीचा श्वास अडकेल ही भीती तिला खाऊन गेली. पहिलं ताट खिडकीजवळच्या पोरीपुढे टेकलं. तिने चमचा बुडवलासुद्धा.

"थांब बाळा!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. "कोळंबी कुणाच्या मुलीला चालत नाही? मी... मी विसरलोय हो."

हात धुऊन परतणारा तिचा बाप धावला आणि त्याने पोरीच्या हातातला चमचा हिसकावला.

तिच्यासाठी बिनकोळंबीचं दुसरं ताट आलं. तिने बोटं चाटून खाल्लं. जाताना बाप गल्ल्यावर म्हणाला, "जेवण एक नंबर. पण सर्व्हिस? छे! असली माणसं ठेवता कशाला?"

"उद्यापासून नाही ठेवणार," मालक म्हणाला.

मास्तरने ॲप्रन सोडला, नीट घडी करून गल्ल्यावर ठेवला आणि रस्त्यावर आला. तिथेच उभा राहिला. आत बायकोने शेगडी बंद केली, ओले हात पदराला पुसले आणि पुढच्या दाराने बाहेर आली.

"कुठल्या बाजूला गं?" त्याने हळूच विचारलं.

"डावीकडे," ती म्हणाली आणि तिने त्याचा हात धरला.