नवरात्रात कोणी मरत नाही

माझी नात निधी दर रविवारी दुपारी आमच्या चेन्नईतल्या, मैलापूरच्या घरात युद्ध लावायची.

युद्ध म्हणजे खेळ हो. पण त्याला ना पट, ना सोंगट्या. चार पोरं फरशीवर मांडी घालून बसायची. निधी सांगायची, "तुम्ही ताऱ्यांच्या पलीकडे एका लोखंडी किल्ल्यात शिरलात. समोर शत्रूचे शिपाई." मग बाकीची तिघं सांगायची, आम्ही असं करतो, तसं करतो. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. पोरांच्या जागी खोडरबरं आणि शिपायांच्या जागी सोड्याच्या बाटल्यांची बुचं.

"हा किल्ला आहे कुठे?" मी एकदा विचारलं.

"डोक्यात, आजी."

"मग डोक्यातच खेळा की. माझी फरशी कशाला अडवता?"

बोलले खरी, पण अडवू दिली. माझा मुलगा विजयकुमार बँकेत आहे. तो नागपूरहून इकडे बदलून आला तेव्हा निधीची तमिळ ऐकून कॉलेजातल्या पोरी हसल्या, आणि हिने तोंडच मिटून घेतलं. आम्ही तंजावूरचे मराठी, या मातीत आमच्या किती पिढ्या गेल्या, आणि आमची पोर तमिळला लाजते! वर्षभर घरातसुद्धा 'हो' आणि 'नको' यापुढे तिची गाडी जाईना. मग या खेळापायी मुरली, संयुक्ता आणि राजगोपाल अशी तीन माणसं तिला मिळाली. त्यांच्यापुढे ती बोलायची. थोडंच, पण बोलायची.

त्सुनामीनंतरचं पहिलं नवरात्र होतं. रविवारी संयुक्ता दारात चपला काढता काढता मुरलीला म्हणाली (तमिळमध्ये, मी आपलं मराठीत लिहिते), "आजचा शेवटचा हं. पुढच्या आठवड्यापासून एग्मोरला दुसरा गट खेळतो, तिकडे जाऊ. निधीचे शिपाई सगळे एकाच साच्यातले. फासा टाका, बूच उचला. झोप येते."

मी ऐकलं. माझ्या मागे निधी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनेही ऐकलं.

तिने तांब्या खाली ठेवला आणि आत जाऊन बुचं शोधायला लागली. बुचं कुठली असणार? नवरात्राची झाडझूड झाली होती. आमच्या कामवाल्या कनकाने घरातला कचरा सोडला नव्हता, बुचं काय सोडते!

हॉलमध्ये आमचा कोलू मांडलेला होता, म्हणजे पायऱ्यांवर बाहुल्या. वर देव, खाली माणसं. पायऱ्या भरल्या होत्या आणि काही मातीच्या बाहुल्या अजून पेटीत कागदात होत्या. निधीने त्या सोडल्या आणि बुचांच्या जागी फरशीवर मांडल्या. मी स्वयंपाकघरात सुंडलला, म्हणजे चण्याच्या उसळीला फोडणी देत होते. दारातून सगळं दिसत होतं.

खेळ सुरू झाला. मुरलीने फासा टाकला, ओरडला, "लागली!" आणि लाल टोपीच्या पोलिसाला बोटाने टिचकी मारून आडवा केला.

"ए! उभा कर त्याला!" मी झारा घेऊनच बाहेर आले.

"पाटी, तो मेला," मुरली म्हणाला. पाटी म्हणजे आजी.

"मेला म्हणे! तुझ्या घरी कोलू नाही का रे? बाहुली कागदातून निघाली की ती बसली. दसऱ्याच्या रात्री मी एक आडवी करीन, मग बाकीच्या निजतील. तोवर कोणी निजायचं नाही. माझ्या घरात नवरात्रात कोणी मरत नाही."

"पाटी, शत्रू मरणार नाहीत तर खेळायचं काय?"

"ते तुमचं तुम्ही बघा. शिकलेले आहात ना?"

संयुक्ताने पिशवी उचलली. "चला मग. झालंच."

मी निधीकडे पाहिलं. मला वाटलं, म्हातारे, नियम सोड. पण नियम देवीचा, माझ्या बापाचा नव्हे.

निधीने पोलिसाला उभं केलं. त्याच्या नाकाचा टवका उडालेला होता, तो तिने अंगठ्याने चाचपला.

"थांबा," ती म्हणाली. "तो पडला नाही. चिलखतावर गोळी लागली. तो मागे सरकला, लोखंडी दाराच्या आड. आता तुम्हाला तो दिसत नाही."

संयुक्ता पिशवी धरून उभीच.

निधीने तंजावूरची डोलणारी बाई पुढे आणली. बुडाला जड, ढकलली तरी उठून बसणारी. "ही शिपाई बोलत नाही. हिच्या हातात काही नाही. मार हिला, मुरली."

मुरलीने फासा टाकला. चांगला पडला. त्याने बाहुलीला ढकललं. ती आडवी होता होता उठली आणि मान डोलवायला लागली. निधीने तिला वीतभर पुढे सरकवलं.

"अजून मार."

परत तसंच. परत वीतभर. तिघांची खोडरबरं मागे, आणखी मागे, भिंतीला टेकली. कोणी हसेना. ती मान डोलतच होती.

मग नादस्वरवाला, म्हणजे सनईसारखं लांब वाद्य वाजवणारा. गाल फुगवलेला. निधी हळू म्हणाली, "याने अजून फुंकलेलं नाही. फुंकलं की सगळा किल्ला जागा होईल. याला मारलं तर श्वास सुटेल. तोच आवाज." मग तराजू घेऊन बसलेला चेट्टियार, म्हणजे वाणी, पोट सुटलेला. "हा उठतसुद्धा नाही. किल्ल्यातली हवा हा मोजून देतो. याच्याशी नीट बोला."

संयुक्ता कधी खाली बसली, कळलं नाही.

आणि माझी निधी, 'हो' आणि 'नको'वाली, ती आता एकच माणूस राहिली नव्हती. चेट्टियारच्या तोंडून घासाघीस करत होती, डोळे अर्धे मिटून, तीच नागपुरी वळणाची तमिळ, आणि कोणी हसत नव्हतं. तीच त्याला उत्तर देत होती, तीच श्वास धरून गाल फुगवत होती. एवढीशी पोर, तिच्या गळ्यातून एकेक माणूस येत होता. मी देवळात पुराण सांगणारे पुष्कळ ऐकलेत. असं नाही ऐकलं. चणे करपल्याचा वास आला तरी माझा पाय हलेना.

शेवटी ते लोखंडी दारापाशी आले. दाराआड तो पोलीस.

निधीचा आवाज एकदम बारीक, त्या पोलिसाचा झाला. "पुढे येऊ नका. माझ्या हातात कळ आहे. दाबली की दार उडेल, तुम्ही जाल, मी पण जाईन. मला कोणी सांगितलं नाही तुम्ही इतके असाल म्हणून." तिने माझ्याकडे बोट केलं. "तुमच्या मागे कोण आहे? ती कोण? तिच्या हातात काय आहे?"

तिघांनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात झारा.

सासूपुढे, घरमालकापुढे, पालिकेच्या माणसांपुढे मी कधी पाऊल मागे घेतलं नाही. देवळाजवळच्या माडा वीथीच्या बाजारात मीच घासाघीस करून आणलेला, चार बोटं उंचीचा, नकटा मातीचा पोलीस. त्याच्यापुढे मी मागे सरले, आणि झारा जमिनीवर ठेवला.

"फासा टाकू?" मुरली कुजबुजला.

"नको!" संयुक्ता म्हणाली. तिने स्वतःचं खोडरबर उचललं आणि दारासमोर आडवं ठेवलं. पार सपाट. "मी जमिनीवर पडून आहे. बंदूक लांब टाकली. माझे दोन्ही हात तुला दिसतायत. बघ."

आडवं न व्हायचा नियम बाहुल्यांना, खोडरबराला नव्हता.

खाली रस्त्यावर रिक्षावाले भांडत होते. मग निधीने पोलिसाला हळूच बाजूला सरकवलं.

"दार उघडलं," ती म्हणाली, आता आपल्या आवाजात.

राजगोपालने मोठा श्वास सोडला. संयुक्ता निधीचं मनगट धरून म्हणाली, "पुढच्या रविवारी लवकर येऊ का गं? जेवण झाल्या झाल्या?"

"जेवायलाच या," मी म्हटलं. "करपलेलं सुंडल आज खाऊन टाका आधी. तुमच्यामुळेच करपलंय."

दसऱ्याच्या रात्री मी एक बाहुली आडवी केली, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या कागदात बांधल्या. लाल टोपीच्या पोलिसाला सगळ्यात शेवटी. कागदाची शेवटची घडी बसेपर्यंत मी काही त्याच्याकडे पाठ केली नाही.