दहावा वायू

दिगंबरशास्त्र्यांना माणसाचं शरीर तोंडपाठ होतं. हाडं तीनशे, मांसपेशी पाचशे, शिरा सातशे, मर्मं एकशे सात. झोपेतून उठवून विचारलं तरी एक हाड इकडचं तिकडे व्हायचं नाही. कसब्यातल्या त्यांच्या ओसरीवर वैद्यकी शिकायला पार नगर-नाशकाकडून विद्यार्थी येत, आणि अठरा वर्षं ते तोच पाठ त्याच चालीवर म्हणून घेत होते. नाडी बघावी, काढा द्यावा, फार तर गळू फोडावं. यापलीकडे त्यांचा हात कधी कुणाच्या कातडीखाली गेला नव्हता. प्रेत वाहत्या पाण्यात सात दिवस ठेवावं आणि मग हळूहळू खरवडत आतलं सगळं डोळ्यांनी पाहावं, असं जुन्या ग्रंथात स्वच्छ सांगितलेलं आहे. तो श्लोक आला की शास्त्रीबुवा म्हणत, "हे पोथीत ठेवायचं, मुठेच्या पाण्यात नव्हे," आणि पोरं हसत. गर्भाशय रोहित माशाच्या तोंडासारखं असतं, हेही ते ठासून शिकवत. त्यांनी गर्भाशय पाहिलं नव्हतं आणि रोहित मासाही पाहिला नव्हता.

पानपत होऊन तेव्हा वीसएक वर्षं झाली असतील. आश्विनातली सकाळ होती, ऊन चटकायला लागलं होतं, आणि शास्त्रीबुवा गळू फोडायचं शस्त्र फडक्यात गुंडाळून एका तिरडीमागून ओंकारेश्वराच्या घाटाकडे चालले होते. तिरडीवर त्यांच्याच आळीतली मंदाकिनी होती. वय एकोणीस, आठवा महिना. पोटुशी बाई गेली तर तिला तशीच जाळत नाहीत. घाटावर नेऊन, बेंबीखाली डाव्या अंगाला चार बोटं छेद घेऊन मूल बाहेर काढतात, पोट शिवतात, मग आईला अग्नी आणि मुलाला माती. छेद खरं म्हणजे नवऱ्याने घ्यायचा. पण तिचा नवरा अनंत, सरकारी दप्तरात कागदांच्या नकला करणारा पापभीरू पोरगा, भटजींनी हे सांगितल्यापासून नुसता थरथरत होता. म्हणून अनंताच्या काकांनी शास्त्रीबुवांना गळ घातली. नाही कसं म्हणणार? शरीर जाणणारा म्हणून पेठेत नाव कुणाचं होतं?

शास्त्रीबुवांना मात्र पाऊल उचलवत नव्हतं. त्यांच्या उजव्या तळहाताला सकाळी काहीतरी लागलं होतं, आणि ते जायलाच तयार नव्हतं.

झालं होतं ते असं. आठवडाभर मंदाकिनीचे पाय सुजत होते, डोकं ठणकत होतं. शास्त्रीबुवांनी वाताचा जोर म्हणून काढा दिला होता. पहाटे तिला झटके आले, आणि दिवस उगवता उगवता आलेल्या तिसऱ्या झटक्यातून ती परतलीच नाही. त्यांनी मनगटावर तीन बोटं ठेवली, मग गळ्यापाशी, मग मान हलवली. माजघरात एकच आकांत झाला. बाळंतपणासाठी आधीपासून सांगून ठेवलेली सुईण तुळजा पायथ्याशी बसली होती. ती उठली, पुढे आली, आणि कुणाला न विचारता तिने लुगड्यावरून पोटाला दोन्ही हात लावले.

"शास्त्रीबाबा, लेकरू हाय अजून," ती म्हणाली. "लाथ मारतंय. आत्ताच्या आत्ता चिरा."

रडणारी माणसं तिच्याकडे वळली. शास्त्रीबुवांनी तिच्याकडे पाहिलं ते तिने पोथीवर पाय दिल्यासारखं. अक्षरशत्रू बाई, आणि त्यांना शस्त्र कधी चालवायचं ते सांगत होती. पण ती तसूभर हटेना, "हात तरी लावून बघा" हे एकच तिने धरून ठेवलं. तेव्हा केवळ तिचं तोंड बंद करायला म्हणून त्यांनी मंदाकिनीच्या डाव्या बरगडीखाली तळहात टेकवला. आतून सुपारीएवढं काहीतरी टणक वर आलं, तळहाताला टेकलं आणि सरकून गेलं.

शास्त्रीबुवांनी हात मागे घेतला, आणि त्यांच्या तोंडी श्लोक आला. शरीरात वायू दहा. श्वासाचा वेगळा, मळ खाली ढकलणारा वेगळा, अन्न पचवणारा वेगळा. शिंकेचा एक, जांभईचा एक, पापणी मिटायलासुद्धा एक. जीव गेला की नऊ वायू त्याच्याबरोबर जातात. दहावा, धनंजय, जात नाही. तो प्रेतातच राहतो, प्रेताला फुगवतो, हलवतो.

"धनंजय आहे तो," ते म्हणाले. "दहावा वायू. मेलेल्या शरीरात असा हलतो." आणि एवढ्यावर न थांबता त्यांनी पुस्ती जोडली, की आठव्या महिन्यात ओज, म्हणजे जीवाचं बळ, आईत आणि मुलात ये-जा करत असतं, त्या महिन्यात बाहेर काढलेलं मूल तसंही वाचत नाही.

काकांनी मान डोलावली. छेद घ्यायचाच तो घाटावर, शास्त्राप्रमाणे, असं त्यांनी बजावलं आणि तुळजाला दाराबाहेर काढलं.

खरं सांगायचं तर शास्त्रीबुवा भ्याले होते. घरात, सासूच्या डोळ्यांदेखत, अजून गरम असलेल्या सुनेचं पोट फाडायचं, आणि आत काहीच निघालं नाही तर? किंवा ती पुरती गेलेली नसली तर? सगळा कसबा थुंकला असता तोंडावर. भ्यालेल्या माणसाला लपायला जागा लागते, आणि शास्त्रीबुवांकडे तर श्लोकांचं अख्खं रान होतं.

त्यानंतर भटजी यायला, तिरडी बांधायला, लाकडं घाटावर पोचायला तीन घटका, म्हणजे तासाहून जास्त वेळ गेला. वाटेने शास्त्रीबुवा मनातल्या मनात धनंजय, धनंजय असं घोकत होते. पण वारा टणक नसतो, हे कळायला काही वैद्यकी शिकावी लागत नाही.

घाटावर मुठेचं पाणी खालच्या पायरीला लागलं होतं. आळीतल्या दोघांनी धोतर आडवं धरून आडोसा केला. पलीकडे अनंत पाठ करून उभा राहिला. दूर पिंपळाखाली तुळजा दिसत होती. मंदाकिनीचं अंथरूण नदीत सोडायचं काम तिच्याकडेच आलं होतं, आणि वळकटी काखेत धरून ती नुसती बघत होती. शास्त्रीबुवांनी नजर खाली घेतली, बेंबीखाली डाव्या बाजूला चार बोटं मोजली आणि शस्त्र टेकवलं.

कातडीचे थर सात, असं ते अठरा वर्षं सांगत आले होते. एकच कातडी लागली. तिच्याखाली पिवळी चरबी, तिच्याखाली लाल मांस, मग ओल्या कागदासारखा पांढरा पडदा. पुढे काय लागणार ते त्यांना सांगता येईना. तोंडपाठ होतं ते सगळं इथेच होतं, पण आतल्या कशावरही नाव लिहिलेलं नव्हतं. चार बोटं छेद पुरला नाही. त्यांनी तो वाढवला तेव्हा भटजींचा मंत्र मध्येच अडखळला. मग गर्भाशय हाताला लागलं. मोठं, जाड, जांभळट लाल. माशाच्या तोंडाशी त्याचं काही नातं नव्हतं. त्यांनी ते जपून उघडलं आणि मनगटावर पाणी आलं.

पाणी कोमट होतं. शास्त्रीबुवांचा हात तिथेच थांबला.

मुलगा होता. डोकं खाली, पाठ उजवीकडे, आणि पाय वर, डाव्या बरगडीखाली. बरोबर तिथेच, जिथे सकाळी त्यांनी तळहात ठेवला होता. नखं आलेली, भुवया आलेल्या, कानामागे काळी लव. त्यांनी त्याला बाहेर घेतलं, उलटं धरलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या, नाकातोंडात फुंकर घातली. आडोसा धरणारे दोघे एकमेकांकडे बघायला लागले. मुलाचं अंग ऊबदार होतं, आणि त्या उबेला काही अर्थ उरला नव्हता.

शास्त्रीबुवांना त्याच वेळी आपलंच शिकवणं आठवलं. आईच्या अन्नाचा रस नाळेतून मुलाला पोचतो, पाटाचं पाणी वाफ्याला पोचावं तसा. जुन्नरकडच्या एका विद्यार्थ्याने मागे विचारलं होतं, पाट बंद केला तर वाफा लगेच सुकतो का? त्यांनीच हसून उत्तर दिलं होतं, छे रे, मुरलेलं पाणी थोडा वेळ पुरतं. आईचं हृदय थांबलं की पाट बंद. मुलाचं हृदय त्याचं स्वतःचं, ते मुरलेल्या पाण्यावर थोडा वेळ चालत राहणार. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. पोथीत तर तेही होतं, की आई गेली आणि पोट हलत असलं तर तत्काळ छेद घ्यावा. तो श्लोक धनंजयाइतकाच त्यांना पाठ होता. सकाळी तोंडी मात्र दुसरा आला.

"शास्त्रीबुवा," धोतराच्या पलीकडून अनंताचा आवाज आला, "ते तिच्याबरोबरच गेलं ना?"

त्याला फक्त एक होकार हवा होता, हे आवाजावरून कळत होतं. तेवढ्यावर तो पुढचं आयुष्य कसंबसं काढणार होता. शास्त्रीबुवांना त्याची दया आली. स्वतःचीही आली, हे काही ते नाकारू शकले नसते.

"हो," ते म्हणाले, आणि घाबरलेला माणूस बोलतो तसं एक वाक्य जास्त बोलले. "आधीच गेलं होतं. एखादा दिवस आधी."

काकांनी ते जास्तीचं वाक्य उचललं. आधी गेलं म्हणजे कशाने गेलं? काल दुपारी पोट कुणी चोळलं होतं? त्या सुईणीने. मूल तिच्या हातांनी गेलं, ते विष आईच्या अंगात भिनलं, आणि वर सकाळी आपलं पाप झाकायला जिवंत आहे म्हणून बोंब ठोकली. काका बोलत गेले तसं त्यांना स्वतःलाच ते पटत गेलं. दुःखाला कुणाची तरी मान लागतेच. त्यांनी लाकडं घेऊन आलेल्या दोघा गड्यांना पिंपळाकडे पाठवलं. आता तिला कोतवालाच्या चावडीवर नेऊ, तिला दिव्य करू दे, उकळत्या तेलात हात घालू दे. खरी असेल तर पोळणार नाही.

चोर सोडून संन्याशाला सुळी, असं आपण सहज म्हणतो. शास्त्रीबुवांच्या पुढ्यात तो संन्यासी उभा होता. गड्यांनी तुळजाचे दंड धरले. ती ओरडली नाही, सुटायला धडपडली नाही. तिने आडोशाकडे पाहिलं. शास्त्रीबुवांना तिचे हात दिसले. रुंद, काळे, बोटं मुळाशी जाड. साऱ्या घरात सकाळी खरं फक्त त्या हातांनी सांगितलं होतं, आणि आता तेच तेलात जायचे होते.

त्यांनी धोतर बाजूला केलं. कोपरापर्यंत रक्त, आणि हातावर मूल.

"तिला सोडा," ते म्हणाले. "मूल जिवंत होतं. तिने सांगितलं तेव्हा जिवंत होतं, मी हात लावला तेव्हाही होतं. त्याचा पाय माझ्या हाताला लागला."

काका गडबडले. शास्त्रीबुवांना घाटावरच्या उन्हाने चक्कर आली असेल, असं काहीतरी ते बोलायला लागले. प्रतिष्ठित माणूस असा स्वतःवर चिखल ओढून घेतो, हे त्यांच्या हिशेबात बसेना. अनंताने त्यांना हातानेच थांबवलं. तो आता थरथरत नव्हता.

"मग आपण धनंजय का म्हणालात?"

"मला नाव ठाऊक होतं म्हणून," शास्त्रीबुवा म्हणाले. मग हातावरच्या मुलाकडे बघून, "आणि भीती वाटली म्हणून."

अनंत चितेच्या लाकडांकडे वळला. त्याने शिव्या दिल्या असत्या, अंगावर धावून आला असता, तर शास्त्रीबुवांना बरं वाटलं असतं. गड्यांनी तुळजाचे दंड सोडले. तिने आभार मानले नाहीत, आणि कशाचे मानायचे? खाली पडलेली वळकटी उचलून ती पायऱ्या उतरली, एकेक अंथरूण पाण्यात सोडलं, आणि परत वर येताना शास्त्रीबुवांच्या हातावरच्या मुलाशी क्षणभर थांबली.

"लई वाट बघितली यानं," ती म्हणाली, आणि निघून गेली.

मंदाकिनीचं पोट शास्त्रीबुवांनी शिवलं. टाके वाकडेतिकडे पडले. अनंताने तिला अग्नी दिला. मग नदीकाठी वाळूच्या वर, मऊ मातीत, गड्यांनी हातभर खोल खड्डा खणला. मूल पांढऱ्या फडक्यात गुंडाळून काकांनी अनंताच्या हातात दिलं, कारण ठेवायचं ते बापाने. अनंताने ते उराशी धरलं, बराच वेळ धरलं. मग तो चालत शास्त्रीबुवांपाशी आला आणि गाठोडं त्यांच्यापुढे केलं.

"आपण ठेवा," तो म्हणाला.

शास्त्रीबुवांनी आजूबाजूला पाहिलं. भटजी नदीकडे बघत होते, काका जमिनीकडे. त्यांनी मूल घेतलं, गुडघे टेकले आणि खड्ड्यात वाकले. खाली ठेवताना फडक्याची गाठ सैल झाली आणि एक पाय बाहेर आला. टाच त्यांच्या उजव्या तळहाताला टेकली, सुपारीएवढी, सकाळी टेकली होती तिथेच. ते तसेच वाकून थांबले.

या वेळी ती सरकली नाही.