आधी सांगणं, मग सुई

सिस्टर जयवंता कोणालाही सुई टोचायची ती आधी सांगून. औषध कोणतं, कशासाठी, किती दुखेल, उद्या गाठ आली तर काय करायचं, एवढं बोलून झाल्याशिवाय तिच्या हातातली सिरिंज जागची हलायची नाही. मग समोर मंत्री असो की मंत्र्याचा ड्रायव्हर. नागपुरात धंतोलीतल्या डॉक्टर मधुकररावांच्या चमडीच्या दवाखान्यात ती अकरा वर्षं होती, आणि अकरा वर्षं डॉक्टर म्हणत होते, "सिस्टर, प्रवचन आटोपलं असेल तर टोचा." ती हसायची आणि प्रवचन पूर्ण करायची.

ही खोड तिला नर्सिंग शिकताना लागली. वॉर्डात खेड्यातली एक म्हातारी होती. येईल त्या नर्सला विचारायची, "काय टोचून राहिली वं बाई मले?" चौघींनी टोचलं, एकीनंही उत्तर दिलं नाही. म्हातारी बरी होऊन घरी गेली, पण तिचा प्रश्न जयवंताच्या डोक्यात घर करून बसला. आपण टोचू तेव्हा सांगून टोचू, असं तिनं ठरवलं, आणि या बाईनं एकदा ठरवलं की विषय संपला.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीत डॉक्टर सहा महिने परदेशात शिकून परतले आणि येताना बर्फाच्या पेटीतून एक नवलाई घेऊन आले. सुरकुत्या भरायचं इंजेक्शन. चाकू नाही, टाके नाहीत, दवाखान्यात राहणं नाही. अगदी बारीक सुईनं सुरकुतीखाली थोडं थोडं औषध सोडायचं, खालून कातडी उचलली जाते आणि रेघ बुजते. महिनाभरात धंतोलीतल्या झाडून सगळ्या बायका आरशासमोर कपाळाला आठ्या घालून बघायला लागल्या.

"पहिली सुई हातावर, चाचणीची," डॉक्टर जयवंताला म्हणाले. "ती तुम्ही द्यायची. तुमचा हात हलका आहे."

जयवंताला धन्य वाटलं. आसपासच्या कोणत्याही दवाखान्यात नव्हतं ते तिच्या हातून होणार होतं. पण टोचायचं तर सांगायला हवं, आणि सांगायचं तर आधी आपल्याला कळायला हवं. औषधाबरोबर आलेला इंग्रजी कागद तिनं इंदोऱ्याच्या वस्तीत घरी नेला आणि तीन संध्याकाळ डिक्शनरी घेऊन त्याच्याशी झुंजली. कळत गेलं तसतसं तिला बरं वाटत गेलं. हातावर चाचणी करून चार आठवडे थांबायचं. जागा लाल झाली, सुजली, तर त्या माणसाला हे औषध कधीच द्यायचं नाही. भरलेली रेघ सहा महिन्यांनी, फार तर वर्षानं, पुन्हा दिसायला लागते. माणूस यानं तरुण होत नाही, नुसता खळगा भरतो. दुसऱ्या पानावर एक शब्द अडला. डिक्शनरीत सापडला. औषध गाईच्या कातड्यापासून केलेलं होतं. धुऊन, शुद्ध करून, विरघळवून, पण गाईच्याच कातड्यापासून.

तिनं डिक्शनरी मिटली आणि खाटेवर बसलेल्या बापाकडं पाहिलं.

धोंडबाच्या उजव्या गालावर बोटाचं पेर मावेल एवढा खड्डा होता. पारशिवनीकडच्या एका खेड्यात, धोंडबा पंचविशीत असताना, मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, गाय मेली. मेलेलं जनावर ओढून न्यायचं काम त्या काळी महारांच्या घरावर ठरलेलं, आणि त्या खेपेला पाळी धोंडबाची. धोंडबा चावडीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मी ओढत नाही." लपला नाही, आजारी पडल्याचं सोंग केलं नाही, तोंडावर सांगितलं. कोणाची तरी लोखंडी टोकाची काठी गालात घुसली. पुढं तो नागपूरला आला, गिरणीत लागला, छप्पन साली दीक्षा घेतली, मुलीला नर्स केलं. गालावरचा खड्डा तेवढा गावाकडून सोबत आला.

दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरांना विचारलं.

"मला माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. "पण ते नाव इथं काढायचं नाही. प्रोटीन म्हणायचं. प्रोटीन दुधातही असतंच ना?"

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. हुशार होते, कष्टाळू होते, फक्त भित्रे होते, आणि भित्रा माणूस खोटं बोलत नाही, अर्धं बोलतो. या अर्ध्या बोलण्याचा व्हायचा तो परिणाम झाला. पहिल्या पेशंट गोपिकाबाई, वकिलांच्या पत्नी, महिला मंडळाच्या अध्यक्ष. फेब्रुवारीत मुलीचं लग्न, व्याही पुण्याचे, आणि फोटोत भुवयांमधल्या दोन उभ्या रेघा दिसायला नकोत. त्यांनी दूध आणि प्रोटीन यांची सांगड घालून मंडळात जाहीर करून टाकलं की हे दुधाचं इंजेक्शन आहे, अगदी सात्त्विक.

चाचणीच्या दिवशी त्या खुर्चीत बसल्या, बाही वर केली आणि म्हणाल्या, "सिस्टर, आज उशीर झाला. सकाळी गाईला पोळी घातल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही, आणि आज गाय आलीच नव्हती लवकर."

जयवंताच्या हातात सिरिंज होती. आतल्या खोलीतून डॉक्टरांचा आवाज येत होता. सांगितलं तर नोकरी जाणार, हे तिला लख्ख ठाऊक होतं. न सांगता टोचलं तर या बाईंना जन्मात कळणार नव्हतं, हेही. तिला खरोखर भीती वाटली. मग तिनं नेहमीसारखी सुरुवात केली.

"बाई, आधी सांगते. ही चाचणी आहे, चार आठवडे थांबावं लागेल. रेघ भरेल, पण वर्षाच्या आत परत येईल. आणि हे औषध दुधाचं नाही. गाईच्या कातड्यापासून केलेलं आहे. पुष्कळांना चालतं, औषध म्हणून त्यात वाईट काही नाही. तुम्हाला चालतं का, ते तुम्ही ठरवा."

गोपिकाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी बाही खाली केली.

"डॉक्टरांनी मला नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही काहून सांगून राहिल्या? नोकरी जाईल ना तुमची."

"सुई माझ्या हातून जाणार होती, बाई."

गोपिकाबाई उठल्या आणि निघून गेल्या. आभार नाहीत, निरोप नाही. पाच मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले, रिकामी खुर्ची पाहिली आणि सगळं समजले. ते ओरडले नाहीत. "सिस्टर, उद्यापासून येऊ नका," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर जयवंतानं बापाला सगळं सांगितलं. अगदी कातड्यासकट.

"त्या बाईले माहीत होतं?" धोंडबानं विचारलं.

"नाही."

"तू सांगतलं?"

"हो बाबा."

"तोंडावर?"

"तोंडावर."

धोंडबा उठला. खुंटीवरचा कोट काढला, अंगात चढवला, काठी घेतली आणि बाहेर पडला. तास-दीड तासानं परतला. शेजारची भीमाबाई मागोमाग धावत आली. "अवं जयवंता, तुह्या बापाचं डोकं फिरलं काय? पोरीची नोकरी गेली म्हणून घरोघरी सांगत फिरून राहिले, आणि वरून हसून राहिले!" जयवंताला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं.

नऊ दिवस ती घरी होती. दहाव्या दिवशी सकाळी दारात डॉक्टरांची स्कूटर थांबली. डॉक्टर इंदोऱ्यात पहिल्यांदाच आले होते आणि पत्ता विचारत विचारत निम्म्या वस्तीला आपलं येणं कळवून बसले होते. जयवंतानं त्यांना खुर्ची दिली, चहा ठेवला.

"गोपिकाबाईंनी मंडळात सांगितलं," डॉक्टर कपाकडं बघत म्हणाले. "म्हणाल्या, ती सिस्टर असेल तर त्या दवाखान्यात जा, नसेल तर जाऊ नका. आता बाया येतात, दारातूनच विचारतात, सांगणाऱ्या सिस्टर आहेत का? नाही म्हटलं की परत फिरतात. साध्या खरजेचे पेशंटसुद्धा. दोघी तर म्हणाल्या, आम्हाला गाईचं चालेल, पण सिस्टरना सांगू द्या." ते थांबले. "माझं चुकलं, सिस्टर. तुम्ही या."

जयवंताचा ऊर भरून आला, पण तिनं ते दिसू दिलं नाही. "येते. पण कागद करायचा, मराठीत. कशाचं आहे, किती टिकते, काय होऊ शकते. पेशंटनं वाचायचं, नाहीतर मी वाचून दाखवायचं. गाईचं पहिल्या ओळीत."

"पहिल्या ओळीत," डॉक्टर म्हणाले. मान्य करून ते मोकळे झाले आणि तेव्हा कुठं त्यांचं खाटेवरच्या धोंडबाकडं नीट लक्ष गेलं. चमडीच्या डॉक्टरची नजर ती, थेट गालावर गेली. ते उठले, जवळ जाऊन वाकून बघितलं. काहीतरी भरपाई करायची संधी मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला.

"बाबा, हा जुना घाव आहे. असे खड्डे तर या औषधानं फार चांगले भरतात. तुम्ही या दवाखान्यात. मी स्वतः भरून देतो."

जयवंता बापाकडं बघत राहिली. धोंडबानं गालावरून बोट फिरवलं, खड्ड्यात ठेवलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मेलेली गाय ओढली नाही म्हणून हे पडलं, डॉक्टर साहेब," तो म्हणाला. "आता तुम्ही गायच भरता म्हणता यात?"

डॉक्टरांनी जयवंताकडं पाहिलं. तिनं होकारार्थी मान हलवली.

"मला... मला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"तुमाले कसं माहीत राहील? तुम्ही कधी विचारलं नाही, मी कधी सांगतलं नाही. आता सांगतलं." धोंडबानं डोळे पुसले. "राहू द्या ते. सकाळी दाढी करताना आरशात दिसते, तर बरं वाटते मले." मग तो लेकीकडं वळला. "जयवंता, साहेबाचा चहा थंडा झाला वं. दुसरा ठेव. आणि तो कागद लिहिशील तर आधी मले वाचून दाखव."

जयवंतानं दुसरा चहा ठेवला, आणि चहा उकळेपर्यंत पहिली ओळ लिहूनही झाली.