भिंतीकडे तोंड केलेली पाटी

“आता हे सांगितलं तर कुणालाही पटायचं नाही,” असे म्हणत पेंटरआबांनी लेकीसाठी रंगवलेली रग्बीच्या नियमांची पाटी उचलली आणि भिंतीकडे तोंड करून उभी केली. मग स्टुलावर बसून त्यांनी ब्रश रंगात बुडवला.

“न पटायची सवय आहे आम्हाला,” शेजारचा न्हावी म्हणाला. गिऱ्हाईक नसले की तो आपली खुर्ची घेऊन इथेच येऊन बसे.

दाराशी वेल्डर उभा होता. त्याच्या वर्कशॉपच्या बोर्डवर आबांचा शेवटचा हात फिरायचा होता. हा वेल्डर गावाच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. त्याच्या पंजात कलिंगडही लिंबाएवढे दिसे.

कोपऱ्यातल्या टेबलापाशी लेक एक कागद पुढ्यात घेऊन बसली होती. कागदावर चौदा नावे होती. पाच वाजेपर्यंत पंधरावे पडले नाही, तर रविवार सकाळचे मैदान तिच्या रग्बीच्या हातून जाणार होते. या गावात पाळण्यातले पोरही गोल चेंडूलाच लाथ मारायचे. दोन वर्षे ती लांबट चेंडू काखोटीला मारून दारोदार हिंडली, तेव्हा कुठे चौदा माणसे जमली होती.

“काय ताई, उबवलं का अंडं?” वेल्डरने विचारले.

“चौदा पिल्लं निघाली. एक बाकी आहे. येतोस?”

“मी? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. नुसती झोंबाझोंबी. आणि आमच्या संघातली पोरं जगू देतील का मला?”

आबांनी ब्रश थांबवला. “बोर्डवर सुट्टी रविवारचीच लिहू ना?”

“हो.”

“मग दर रविवारी तुझी मैदानाकडची खिडकी उघडी कशी?”

“वारा यायला,” वेल्डर म्हणाला आणि बाहेर रस्त्याकडे पाहू लागला.

“असू दे. तर मी काय सांगत होतो,” आबा म्हणाले. “ऐन जवानीत मी एका बंदरात जहाजांवर नावं रंगवायला होतो. तिथे एका रग्बीच्या संघात एक माणूस कमी पडला. मला शिडीवरून उतरवून घेतलं. समोर पंधरा हमाल. एकेक असा, की तो चालला की धक्क्याला बांधलेल्या होड्या हलायच्या.”

“बरोबर. भरतीसुद्धा तेच आणत असतील,” न्हावी म्हणाला.

“चेंडू माझ्याकडे आला. मी सुटलो. एक हमाल डाव्या पायाला लटकला, एक उजव्या. तिसरा पाठीवर चढला, तो खाली उतरेचना. पुढे त्याच्याच बहिणीशी माझं लग्न झालं.”

“आई हे ऐकेल हं,” लेक म्हणाली.

वेल्डर हसला. पण तो दारातून आत सरकला होता.

“शेवटचं मिनिट,” आबांचा आवाज खाली आला. “चौथा हमाल अंगावर येतोय. माझा मित्र माझ्यापुढे वीस पावलांवर, रेषेजवळ एकटा उभा. मी चेंडू दोन्ही हातांनी धरला आणि सरळ पुढे त्याच्याकडे भिरकावला. त्याने झेलला, रेषेपलीकडे टेकवला. जिंकलो.”

“शाब्बास,” न्हावी म्हणाला.

लेकीने झटकन मान वर केली. पाटीवरचा पहिलाच नियम आबांनी काल आपल्या हाताने लाल रंगात लिहिला होता. तिने तोंड उघडले. आबांनी तिच्याकडे न बघताच ब्रश किंचित उचलून धरला. तिने तोंड मिटले.

वेल्डरने एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. हलणाऱ्या होड्या त्याने निमूट गिळल्या होत्या, पाठीवरचा मेहुणाही गिळला होता. हे मात्र त्याच्या घशाखाली उतरत नव्हते.

“आबा, ही थाप आहे,” तो अखेर म्हणाला. “हातातला चेंडू पुढे फेकताच येत नाही. पंचाने तिथल्या तिथे शिट्टी मारली असती. तो मागेच द्यायचा असतो. पळता पळता कमरेतून वळायचं, आणि असा...”

त्याने फळीवरचा रंगाचा रिकामा डबा दोन्ही पंजांत घेतला आणि मागे टेबलाकडे सोडला. लेकीने हातातले पेन टाकून तो झेलला.